सिद्धेश्वरीची ताटं

महादेवी जेवायला येणार म्हटलं की घरच्या बाईची नजर आधी ताटांकडं जायची. म्हणजे बघा, बाईचा दरारा केवढा! जुळे सोलापुरातल्या त्या कॉलनीत कुणी बारसं करो, वास्तुशांत करो, मांडवात एक प्लॅस्टिकचं ताट दिसलं तरी महादेवी उंबऱ्यातूनच माघारी फिरायची. कमलम्माच्या पोराच्या रिसेप्शनला तिनं हेच केलं. आहेराचं पाकीट दिलं, नवरानवरीला तोंडभरून आशीर्वाद दिला आणि भरल्या मांडवात म्हणाली, "कमलम्मा, मी काही जेवणार नाही. ही ताटं उद्या आपल्याच नाल्यात तरंगणार हायत." कमलम्मा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडली. पुढं मात्र भांडी धुवायला सगळ्यांत आधी तीच यायला लागली, हेही खरं.

ही भांडी धुवायची भानगड काय, ते सांगतो. कॉलनीमागं एक मोकळा प्लॉट आहे. कुणाकडं कार्य झालं की उष्ट्या ताटांचा आणि ग्लासांचा ढीग तिथं येऊन पडायचा. गाई त्यात तोंड घालायच्या, कुत्री ओढून दारोदार न्यायची. पावसाळ्यात सगळं वाहत जाऊन नाला तुंबायचा आणि घाण पाणी लोकांच्या न्हाणीघरात शिरायचं. महानगरपालिकेला अर्ज देऊन देऊन माणसं कंटाळली. शेवटी महादेवीनंच पदर खोचला. घरोघरी फिरून माळ्यावर पडलेली, आहेरात आलेली, कुणाकुणाची नावं घातलेली स्टीलची ताटं तिनं मागून आणली. देवळामागची एक खोली मिळवली आणि भांडी बँक सुरू केली. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं ताटं फुकट न्यायची. पंगती उठल्या की कॉलनीतल्या बायकांनी आपण होऊन त्या घरी जायचं आणि सगळी ताटं धुवून द्यायची. बोलावण्याची वाट बघायची नाही. हा नियमही महादेवीचाच.

खोलीची किल्ली निंगव्वाकडं असायची. निंगव्वा देवळाशेजारी एकटीच राहायची. नवरा कधीच गेला होता. सिद्धेश्वरी नावाची एकुलती एक लेक होती, तिचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि ताप डोक्यात जाऊन पोर लग्नाआधीच गेली. रुखवतासाठी घेतलेली ताटं खोक्यात तशीच राहिली. काठावर सुबक अक्षरांत नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. सिद्धेश्वरी'. बँक निघाली तेव्हा निंगव्वानं ती खोकी रिक्षात घालून स्वतः आणून दिली. "घरात ठिवून काय करू गं?" म्हणाली. "चार लोकं जेवतील. तिचं नाव कुनाच्या तरी नजरंला पडंल."

बायकांत कुजबुज झालीच. बोहल्यावर न चढलेल्या पोरीची ताटं शुभकार्यात कशी मांडायची? महादेवीनं एकेकीला फैलावर घेतलं. "लाज वाटत नाही का गं बोलायला? स्टीलला कसला आलाय अपशकुन? घासलं की स्वच्छ!" एवढ्यावर थांबेल ती महादेवी कसली! महिला दिनाला माईक हातात आला तर तिथंही ती बोलली. सिद्धेश्वरीच्या ताटांत अख्खी कॉलनी जेवली, कितीतरी पोरींचे साखरपुडे त्यांत झाले, एकीचं तरी काही वाईट झालं का? टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. निंगव्वा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. बाईला भरून आलंय, असं महादेवीला वाटलं आणि ती आणखी जोरानं बोलली.

असो. हे झालं दुसऱ्यांच्या घरचं.

महादेवीच्या घरी तिच्या लेकीचा, महेश्वरीचा, साखरपुडा निघाला. आधी दोन ठिकाणी जमता जमता फिसकटलं होतं. आता कुठं दुधनीचं स्थळ जुळून आलं होतं. घरची आडत, माणसं नावाजलेली आणि मुलगा अमरेश चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. सोन्यासारखं स्थळ! महादेवीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. कधी एकदा त्या पोराच्या बोटात अंगठी जाते असं तिला झालं होतं.

अकलूजची नणंद शरणम्मा नवऱ्याला घेऊन आठवडाभर आधीच येऊन बसली होती. हिशेबी बाई, आवाज कधी चढवायची नाही. शेंगापोळ्यांसाठी सुपात दाणे निवडता निवडता म्हणाली, "वैनी, ताटं कोंची मांडनार हाय?"

"बँकेची. अजून कुठली?"

"ती मेलेल्या पोरीची बी असतील की त्यात."

"असतील. मग?"

"मग काय न्हाय. तुमी शिकलेल्या हाय. पन दुधनीच्या सासूबाईनं जेवता जेवता काठावरचं नाव वाचलं आन् इचारलं, ही सिद्धेश्वरी कोन, तर काय सांगनार? आदी दोन येळा मोडलंय, वैनी. मी आपली बोलले."

महादेवीच्या तोंडावर उत्तर तयार होतं. किती घरांत, किती बायकांना ते ठणकावून सांगितलेलं! पण ते ओठांवर येईना. डोळ्यांसमोर ते ताट आलं, त्यावरची ती अक्षरं आली आणि त्याच ताटापुढं मान खाली घालून जेवणारी आपली महेश्वरी आली. तिनं सूप पुढ्यात ओढलं आणि हळूच म्हणाली, "भाऊजींना सांगा, बाजारातून ताटं आणायला."

झालं! गठ्ठेच्या गठ्ठे आले. वरून सोनेरी, आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेली चकचकीत ताटं आणि सोबत ग्लास. महादेवीनं ते सामान मागच्या खोलीत ढकललं आणि वर चादर टाकली. कॉलनीत तिनं कुणालाच आमंत्रण दिलं नाही. "घरातल्या घरात करतोय," एवढंच सगळीकडं सांगत सुटली. किल्ली मागायला देवळाकडं गेली नाही. रस्त्यात निंगव्वा दिसली तर फोन कानाला लावून पलीकडून गेली. फोनवर कुणीही नव्हतं.

साखरपुडा छान झाला, खोटं कशाला बोला. दुधनीची माणसं मोकळी निघाली. अमरेशनं अंगठी घालताना पोरींनी चिडवून बेजार केलं. सासूबाई दोनदा शेंगापोळी मागून जेवल्या. त्यांनी ताटाकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही, स्टीलचं असतं तरी बघितलं नसतं. महादेवी पंगतीत वाढत होती खरी, पण प्रत्येक ताटात वाढताना तिचे कान लाल होत होते. दुपारी पाहुणे गाडीत बसले. आचाऱ्याच्या माणसांनी उष्टी ताटं काळ्या पिशव्यांत कोंबून परसदारी लावली. शरणम्माचा नवरा म्हणाला, "वैनी, अंधार पडू द्या. मागच्या प्लॉटवर टाकून येतो, कुनाला कळनार बी न्हाय." महादेवीनं ते ऐकलं आणि आत निघून गेली.

एवढ्यात परसदाराची कडी वाजली.

महादेवी बाहेर आली तर दारात निंगव्वा उभी. नऊवारीचा काचा मारलेला, एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात भांड्याच्या पावडरीचा डबा. आमंत्रण दिलं नाही म्हणजे कुणी येणार नाही, असं महादेवी धरून चालली होती. स्वतः घालून दिलेला नियम साफ विसरली होती! पंगती उठल्या की बोलावण्याची वाट बघायची नाही.

"गाड्या गेल्या, बगितलं," निंगव्वा म्हणाली. "किल्लीला कुनी आलं न्हाय, म्हनलं आचाऱ्याचीच ताटं असतील. धुवायला तर लागतील की. कमलम्माला बी हाक मारलीया. येत्यात समद्या."

तिची नजर पिशव्यांवर गेली. एक पिशवी फाटली होती आणि सोनेरी ताटं बाहेर आली होती. वरणाचा ओघळ मोरीपर्यंत गेला होता.

"आचाऱ्यानं आणली," महादेवी घाईघाईनं म्हणाली. "मला माहितीच नव्हतं. ऐन वेळी काय करणार?"

"व्हय की. ऐन येळंला काय करनार," निंगव्वा म्हणाली. तिनं काथ्या बाजूला ठेवला, खाली बसली आणि फाटक्या पिशवीतली ताटं एकेक काढून उष्टं एका बादलीत झाडायला लागली. ओलं वेगळं, सुकं वेगळं. महादेवीनंच तिला हे शिकवलं होतं.

तेवढ्यात कमलम्मा आणि आणखी दोघी-तिघी आत आल्या. ढीग बघून जागच्या जागी थबकल्या.

"आचाऱ्याची चूक झाली म्हनं," निंगव्वानंच सांगून टाकलं.

कमलम्मा पिशव्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. चुका व्हत्यात. फुडच्या म्हैन्यात नातीचं बारसं हाय. आमचा पोरगा कवाधरनं म्हनतोय, ही बाजारातलीच ताटं आनू. तुमच्याकडं चाललं, तर आमच्याकडं बी चालंल की, न्हाय का?"

आता इथं गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. आचारी बिचारा केव्हाच निघून गेला होता. पण मग भांडी बँक संपली, हे महादेवीला तिथल्या तिथं दिसलं. खरं सांगावं, तर कारण सांगावं लागणार. आणि ते कारण खाली बसून तिच्याच घरचं उष्टं झाडत होतं. आई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या बाईला झालं.

"आचाऱ्याची चूक नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मीच आणायला सांगितली."

"का वं?"

"पाहुणे मोठे. त्यांच्यापुढं लोकांची ताटं मांडायची... लाज वाटली मला."

मग कमलम्माचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. "म्हंजे आमच्या पाव्हन्यांपुढं लाज नव्हती व्हय आमाला? माज्या मांडवातनं न जेवता उठून गेलात, तवा माज्या पोराच्या सासूनं काय काय ऐकवलं, ते इचारलंत का कधी? आन् आमी आपलं येड्यावानी तुमच्या मागं मागं लोकांची उष्टी घासत फिरतोय!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनं!" कमलम्मानं खोचलेला पदर सोडला आणि तरातरा निघून गेली. बाकीच्या दोघी-तिघी तिच्या मागोमाग गेल्या. जाताना एकीनंही महादेवीला जाते म्हटलं नाही.

निंगव्वा तेवढी राहिली. महादेवी साखरपुड्याच्या रेशमी साडीनिशी तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली आणि ताटं झाडायला लागली. आतून शरणम्मा डोकावली, साडीकडं बघून तिनं कपाळाला हात लावला आणि निघून गेली.

"खोटं कशाला बोललीस गं?" निंगव्वा म्हणाली.

महादेवीचा हात थांबला. "खरंच लाज वाटली, निंगव्वा."

"आगं, मी काय दूधखुळी हाय? माज्या सिद्धीच्या ताटाचं भ्या वाटलं तुला. वाटनारच की. पोरीची आई हायस." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "नुसतं येऊन इचारलं असतंस. मी काल सांच्यालाच तिची ताटं काढून ठिवली हुती. बाकीची घासूनपुसून दाराशी लावली. टेम्पोची वाट बगत बसले."

"काढून ठेवली?"

"दर येळंला काढते की. साकरपुडा असू दे, बारसं असू दे, आदल्या दिवशी तिची ताटं माज्या घरात न्हेऊन ठिवते. एवड्या ढिगात कुनाच्या ध्यानात येतंय? कुनाच्या लेकराला कशाला लागावं माजं नशीब? मयताच्या जेवनाला तेवढी पाटवते."

महादेवीच्या कानात त्या टाळ्या वाजायला लागल्या. माईक हातात धरून आपण काय काय बोललो, कितीदा बोललो, आणि समोर ही बाई मान खाली घालून बसलेली! तिला भरून आलंय, असं समजून आपण आणखी जोरानं बोललो.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?" तिनं कसंबसं विचारलं.

"तू भाषन करत हुतीस की. लई ग्वाड वाटायचं ऐकायला. खरंच जेवल्यात समदे माज्या पोरीच्या ताटात, असंच वाटायचं."

शेवटचं ताट झाडून निंगव्वानं बादली बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. महादेवीला तिचे पाय धरायचे होते, पण तेवढंही धैर्य होईना. "जेवून जा," एवढंच बोलली आणि स्वयंपाकघरात पळाली. फडताळातलं घरचं ताट तिनं खाली काढलं, पुन्हा पुन्हा पुसलं आणि शेंगापोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली.

"ताट कशाला घान करतीस?" निंगव्वानं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि तळवा पुढं केला. "हातावरच दे."

महादेवीनं तिच्या तळहातावर पोळी ठेवली. निंगव्वा परसदारी, त्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्याच सावकाश जेवली. "ग्वाड झालीया," म्हणाली. "महेश्वरीला म्हनावं, सुकात ऱ्हा." महादेवीनं दुसरी पोळी पुढं केली, पण तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस तिला काही झालं नाही.