फ्रेममध्ये न मावलेला राक्षस

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, लग्नातला. पण मित्रांनो, मला उगाच म्हातारा म्हणू नका. सणसरच्या संभाजी फोटोग्राफरच्या खांद्यावर बसून मी कितीतरी मांडव गाजवले आहेत. त्याची शिकवण एकच होती, कुणाचं डोकं कापायचं नाही. वरमाईचं कपाळ जरी चित्राबाहेर राहिलं, तरी बिचारा शिव्या खायचा. पुढे ड्रोन आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मग कॉलेजात शिकणाऱ्या प्रियदर्शनीने मला मागून नेलं. तिला सिनेमा करायचा होता. पाताळातून राक्षस येतो आणि अख्खा कालवा पिऊन टाकतो, अशी गोष्ट. राक्षस ठरले तिचे आजोबा, श्रीपतीआबा. दाराची चौकट आली की सवयीने मान वाकवणारा उंचापुरा माणूस.

आबा मिशीला पीळ देत कालव्यावर आले. प्रियदर्शनी माझ्यातून बघत म्हणाली, "आबा, थोडं पुढं या. तुमाला फ्रेममदी घ्यायचंय."

आबा जागीच थबकले. "मला? फ्रेममदी?"

"व्हय."

"तुझी आज्जी हाय की भिंतीवर, फ्रेममदी. हार घालून. मला न्हाय जायचं एवढ्यात."

आणि जे बांधावर बसले ते बसलेच. प्रियदर्शनीने समजावलं, तिची मैत्रीण साक्षी हात जोडून थकली, पण आबा ढिम्म. ऊन उतरत चाललं होतं. बारामतीच्या महोत्सवाला सिनेमा दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता, आणि राक्षसाशिवाय कसला आलाय सिनेमा? पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते बघून आबा विरघळले. "बरं, पाय घे माझं. पायाची फ्रेम कोण लावत न्हाय."

तिने मला थेट मातीत ठेवलं, आबांच्या अंगठ्याला खेटून. मी खालून वर पाहिलं आणि चक्रावलोच. राक्षसाला भिऊन पळायचं सोंग करणारी साक्षी दूरवर मुंगीएवढी, आणि आबांचे पाय आभाळात घुसलेले. गुडघ्याच्या वर काहीच दिसेना. डोकं कापलं जातंय म्हणून माझा जीव कासावीस झाला, पण प्रियदर्शनी हसायला लागली.

"साक्षे, बघ की. फ्रेममदी मावत न्हाय, तोच खरा राक्षस."

महोत्सवात आबांचं पहिलं पाऊल पडद्यावर पडलं आणि पुढच्या रांगेतली पोरं खुर्चीत मागे सरकली. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. पहिलं बक्षीस आमचं! आयुष्यभर जपलेली डोकी राहिली बाजूला, कापलेल्या डोक्याने माझं नाव काढलं.

घरी आल्यावर आबा आधी भिंतीपाशी गेले. हार नीट करत म्हणाले, "शालन, पोरींनी लई जोर लावला. पर मी काय मावलो न्हाय बघ फ्रेममदी."

म्हणून सांगतो मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, पदराने नको. आणि घरातली जुनी माणसं भिंतीवर जायच्या आधी एकदा माझ्यासमोर उभी करा. मावली नाहीत तरी चालेल.