पाणी डाव्या हाताला

या, टेका इथं जरा. तळ्याला आख्खा फेरा मारून आलात, धाप लागलीय, ती खाली बसू दे. तोवर त्याच तळ्यावरची एक गोष्ट सांगतो. मधेमधे हसू येईल, खुशाल हसा. मीही सांगताना हसतो. पण अर्ध्यात उठू नका म्हणजे झालं.

तुम्ही ज्या वाटेवरून आलात ना, ती राखायचं काम एका मुकादमाकडं. हाताखाली आठ माणसं. कुठं खडी उखडली, कुठं कठडा हलला, कुठं झुडूप वाटेवर आलं, सगळं त्याच्या अंगावर. माणूस कामाला वाघ, पण घरातलं दुखणं चारचौघांत उघडं करायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप.

दुखणं म्हणजे त्याचे बाबा. म्हातारा एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन होता. तीस वर्षं वर आणि खाली, वर आणि खाली. निवृत्त झाल्यावर म्हणाला, "आता आयुष्यात एकदा तरी सरळ चालू दे मला." आणि रोज चार वाजता तळ्याला फेरा मारायला लागला. पाय ठणठणीत. डोकं मात्र वर्षभरापासून मजले चुकायला लागलं होतं. एकदा भलत्याच बिल्डिंगमध्ये शिरून, कुणाच्या तरी दारासमोर अर्धा तास बूट काढत बसला होता.

सून म्हणाली, "अहो, यांना एकटं सोडू नका."

मुकादम म्हणाला, "फिरणं बंद केलं तर दोन महिन्यांत आडवे होतील ते. थांब, मी बघतो."

मग त्यानं बापाला तळ्याच्या फाटकापाशी उभं केलं, त्याचा डावा हात धरून तळ्याकडं केला आणि म्हणाला, "बाबा, बाकी सगळं विसरा. पाणी डाव्या हाताला ठेवायचं आणि चालत राहायचं. घर आपोआप येतं."

खरंच येतं. तळं गोल, वाट तळ्याला धरून, फाटक वाटेवर आणि घर फाटकासमोर. चुकायचं म्हटलं तरी जागा नाही. आठ महिने म्हातारा पाच वाजता दारात हजर. बूट काढताना सुनेला म्हणायचा, "आलं बघ घर." जणू तो जागेवरच होता आणि घरच चालत आलं होतं.

आता ते बेट. तळ्याच्या मधे ते छोटंसं बेट आहे ना, त्यावर जायला लाकडी पूल बांधला. बेटाला कडेकडेनं पायवाट केली, चार बाकडी टाकली. पूल खुला झाला आणि आठवड्याच्या आत पुलाच्या थोडं पुढं तळ्याकाठची मुख्य वाट सिमेंटची करायचं फर्मान निघालं. मुकादमानं पुलाच्या पलीकडं लाल-पांढरी पट्टी आडवी बांधली, उजवीकडं मोठा बाण लावला, 'वाट बंद, खेळाच्या मैदानामागून जा', आणि दुपारी बारापासून सिमेंट ओतायला घेतलं.

सकाळी सुनेनं विचारलं होतं, "आज बाबांना घरीच ठेवू का?"

"कशाला? बाण लावलाय एवढा मोठा. आंधळ्यालाही दिसेल."

बाण दिसत होता हो. पण त्या बाणाच्या मागं गेलं तर पाणी पाठीमागं राहतं. आणि पाणी सोडायचं नाही हे शिकवलं कुणी? ह्यानंच.

साडेपाचला मुकादम कामाच्या पार पुढच्या टोकाला झाडांआड होता, तिथं सुनेचा फोन आला. "बाबा अजून आले नाहीत."

"येतील. आज वळसा आहे ना."

सहाला परत. "अहो, मी फाटकापर्यंत बघून आले. कुठंच नाहीत."

मुकादमानं हातातली थापी तिथंच टाकली आणि बाणाच्या वाटेनं धावला. मैदानामागं गेला, गाड्या लावायच्या जागेत गेला, मागच्या रस्त्यावर गेला. कुत्रं फिरवणाऱ्या बाईला विचारलं, झोपाळ्यापाशी उभ्या आयांना विचारलं. "असा असा म्हातारा, अंगात मळकट कोट, हात मागं न बांधता डावा हात जरा बाहेर काढून चालतो." कुणीच बघितला नव्हता. धावता धावता त्याची नजर सारखी पाण्याकडं जायची आणि पाण्यावर काही तरंगताना दिसलं की काठाला उतरून बघायचा. प्लॅस्टिकची पिशवी निघाली. मग लाकडाचा ओंडका. त्या ओंडक्यापाशी तो मिनिटभर गुडघ्यावर हात टेकून नुसता उभा राहिला.

परत कामावर आला तर तोंडचं पाणी पळालेलं. त्याच्या टोळीत मिक्सरवर एक गडी आहे, तोंड कधी बंद नाही म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. रेडिओ म्हणाला, "काय झालं मुकादम? भूत दिसलं का?"

"म्हातारा हरवलाय एक."

"कोटवाला? डावा हात असा करणारा?" रेडिओ हसला. "तो हरवलाय होय! अहो, तो बेटावर आहे की, सव्वाचारपासून. आम्ही फेरे मोजतोय. एकोणीस झाले. मी वीस म्हणालोय, हा गवंडी म्हणत होता पंधरालाच बसेल. काय दम आहे राव त्या म्हाताऱ्यात!"

मुकादमानं त्याची कॉलर धरली. "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? लोक फिरतातच की! कोण आहे तो तुमचा?"

मुकादमाची मूठ सैल झाली. "बाप आहे माझा. त्याला आठवत नाही काही."

गवंड्यानं मिक्सर बंद केला. मग रेडिओ हळूच म्हणाला, "तीन वर्षं तुमच्या हाताखाली आहे मी. एकदा बोलला असतात तर मी दुसऱ्या फेऱ्यालाच धरून आणला असता."

मुकादम पुलावर पळाला.

काय झालं होतं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. म्हातारा पट्टीपाशी आला. पुढं बंद, उजवीकडं पाणी नाही, डावीकडं पूल. पुलावर डाव्या हाताला पाणी. गेला. बेटावर उतरला, पाणी डाव्या हाताला धरलं आणि चालायला लागला. आता बेटाला चारी बाजूंनी पाणीच. कितीही फिरा, डाव्या हाताला आहेच. पूल दर फेऱ्याला समोर यायचा आणि तो पुलाच्या तोंडावरून पुढं निघून जायचा, कारण पुढं पाणी दिसत होतं. एक पोरगी कानात गाणी घालून पळत होती, तिनं त्याला अंगठा दाखवला. बाकड्यावरचं जोडपं म्हणालं, "वा आजोबा!" त्यानंही हसून मान हलवली असणार. थांबला मात्र नाही.

मुकादमानं गाठला तेव्हा बापाचा पाय फरफटत होता. एका बुटाची नाडी सुटून चिखलात भिजलेली. ओठ कोरडे.

"बाबा!"

म्हाताऱ्यानं डोक्यावर पिवळी टोपी आणि अंगभर सिमेंट असलेला हा माणूस नीट न्याहाळला. "मुकादम ना तुम्ही? बरं झालं भेटलात. हे तळं कधी वाढवलं?"

"वाढवलं नाही बाबा. चला घरी."

"घर पुढं आहे. माझ्या पोरानं सांगितलंय, पाणी डाव्या हाताला ठेवा, घर येतं. माझं पोरगं खोटं बोलत नाही. तळंच मोठं झालंय, म्हणून वेळ लागतोय."

मुकादम खाली बसला, नाडी बांधायला. तेवढाच तोंड लपवायला आडोसा. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

मग म्हणाला, "पुलावरही डावीकडं पाणी आहे. त्या बाजूनं चाला. मी सोबत येतो."

पूल ओलांडला. मुकादम उजवीकडं वळला, आल्या वाटेनं फाटक जवळ होतं. म्हाताऱ्यानं हात हिसडला. "अहो, पाणी उजवीकडं येतंय! फसवता का मला?" आणि असा काही घाबरला की पुलाचा कठडा दोन्ही हातांनी धरून बसला. जोर करून ओढला असता तर गेलाही असता. पण मुकादमाला ते जमेना. डावीकडं लाल-पांढरी पट्टी, तिच्यापलीकडं दुपारपासून ओतत आणलेली, अजून मऊ वाट. आठ माणसांची दिवसभराची मेहनत.

त्यानं पट्टी तोडली.

दोघं त्या ओल्या सिमेंटवरून गेले. दोनशे पावलं असतील. पाय रुतत होते, म्हातारा त्याच्या दंडाला लोंबकळला होता. रेडिओ कडेकडेनं मातीतून त्यांच्या सोबत चालत राहिला. उरलेला फेरा पुरा करून घरी पोचल्यावर दारात सुनेनं म्हाताऱ्याला बसवलं आणि बूट तिनंच काढले. त्या दिवशी घर आलं असं काही तो म्हणाला नाही.

वाट दुसऱ्या दिवशी फोडून परत करावी लागली, साहेबाच्या शिव्या खाव्या लागल्या. ते जाऊ द्या. पण म्हाताऱ्याचं काहीतरी हललं. चार वाजले की तो अजून निघतो, आता मुकादम किंवा टोळीतला कुणीतरी सोबत असतो. पण दहा पावलांवर थांबतो. डाव्या हाताकडं बघतो, मग पाण्याकडं, मग सोबतच्या माणसाकडं. "नक्की येईल ना हो?" असं विचारतो. मुकादमाला विचारतो तेव्हा मुकादम 'हो' म्हणतो, पण तो 'हो' त्याच्या तोंडातून लगेच निघत नाही.

आणि सोबतीचा डोळा चुकवून तो दोनदा निसटलाय. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही रोज जाता त्या वाटेनं. एखादा म्हातारा एकाच बाकड्यासमोरून दुसऱ्यांदा जाताना दिसला, तर वा आजोबा म्हणून पुढं जाऊ नका. थांबा. कुठं निघालात एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या पावलानं चाला. कराल एवढं?