माझे चार ठोकळे

मित्रांनो, मी खुर्ची आहे. सागवानी, हातांची, सरळ पाठीची. ‘जुनी’ हा शब्द माझ्या वाट्याला दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा मला वखारीत फेकले. दुसऱ्यांदा आला तेव्हा मला चौथऱ्यावर चढवले आणि माझ्यापुढे लाल दोरी बांधली. दोन्ही वेळा माझ्यावर कुणी बसत नव्हते. त्यामुळे अडगळ आणि सन्मान यांत मला फारसा फरक दिसला नाही.

जुन्या वस्तूंनी हळवे बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. ती आज पुरी होणार नाही. मी रागावलेली आहे. जे घडले ते क्रमाने सांगते, म्हणजे राग कशाचा आहे ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म निपाणीचा. तिथल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने पाहुण्यांसाठी बंगला बांधला. आराखडा करायला मुंबईहून एक तरुण वास्तुरचनाकार आला होता. त्याने बंगल्याबरोबर आतल्या खुर्च्यांचीही चित्रे काढली. लाकूड खानापूरच्या जंगलातले, सुतारही तिकडचेच. माझे पुढचे आणि मागचे पाय तिरके आहेत आणि हाताखाली येऊन एकमेकांना मिळतात. बसायला आणि पाठीला वेताची जाळी होती. त्या वास्तुरचनाकाराचे नाव आता जाड गुळगुळीत पुस्तकांत छापलेले असते. माझे सांधे ज्याने बसवले त्या सुताराचे नाव कुठेही नाही. त्याचाही मला राग आहे, पण तो लहान राग आहे. मोठा पुढे येतो.

बंगल्यात तंबाखूचे खरेदीदार माझ्यावर बसत. बोटांत पान चुरत, वास घेत, भाव ठरेपर्यंत उठत नसत. तो वास माझ्या लाकडात मुरला. पुढे व्यापाऱ्याच्या मुलांनी बंगला विकला आणि आम्हाला वखारीत टाकले. वेत कुजला. माझ्या काही बहिणी चुलीत गेल्या. मला बेळगावच्या एका मास्तरांनी टेम्पोत घालून वडगावला आणले, कारण त्यांच्या पत्नीला पेपर तपासायला हातांची खुर्ची हवी होती.

त्या पत्नी म्हणजे विद्युल्लताबाई. त्याही शिक्षिका. त्यांच्या घराला लागून अंबुबाईंचे घर, आणि त्या घरात दिवसभर माग चालायचा. माझी बसायची जागा म्हणजे तेव्हा नुसती रिकामी चौकट होती. अंबुबाई मला पाहायला आल्या आणि हसतच सुटल्या.

“आक्का, हिच्यात बसायचं, का हिच्यातनं पलीकडं जायचं?”

पण दुसऱ्या दिवशी त्याच मागावरून सुटलेले सुती पट्टे घेऊन आल्या आणि त्यांनी माझी चौकट घट्ट विणून दिली. त्या विणीवर विद्युल्लताबाई वर्षानुवर्षे बसल्या. माझ्या उजव्या हातावर वह्या तपासल्या गेल्या. त्यांचा मुलगा आनंद माझ्या अंगावर दूध सांडत मोठा झाला. दूध सांडले की विद्युल्लताबाई आधी त्याचे हात पाहायच्या, भाजले तर नाही ना म्हणून. मग मला पुसायच्या. “खुर्ची आहे, पुसली की झालं,” म्हणायच्या. मला त्यात कधी अपमान वाटला नाही. मी खुर्चीच होते.

मास्तर गेले. आनंदने मच्छेला यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना काढला आणि मोठे घर बांधले. विद्युल्लताबाईंबरोबर मीही त्या घरी आले. तिथे त्यांचा गुडघा बदलावा लागला. ऑपरेशननंतर त्या माझ्यावर बसल्या आणि त्यांना उठता येईना. मी त्यांच्या गुडघ्याला फार खाली पडत होते. त्यांनी खानापूरकडच्या भावकू सुताराला बोलावले. भावकूने माझ्या चारही पायांखाली फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे खिळ्यांनी ठोकले. उजव्या हाताच्या टोकाला काठी अडकवायला खाच पाडली.

“बाई, उंटावानी दिसत्या ही आता,” भावकू म्हणाला.

“दिसू दे. मला बसायचंय, वरात काढायची नाही.”

“मग उठून दावा बघू.”

विद्युल्लताबाईंनी माझ्या दोन्ही हातांवर भार दिला आणि त्या उठल्या. कुणाचा हात न धरता. भावकूने हातोडी पिशवीत टाकली. “झालं की. आता घोड्यावर बसवलं तरी उतरशीला.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम ते होते. मुंबईच्या चित्रात नव्हते ते. त्यामुळे विद्युल्लताबाई दिवसातून हव्या तितक्या वेळा स्वतःच्या स्वतः उठत होत्या. स्वयंपाकघरात, खिडकीशी, मोरीत. त्यासाठी त्यांना कुणाला हाक मारावी लागत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सगळे याच गोष्टीबद्दल आहे.

मधल्या काळात आनंदला खुर्च्या जमवण्याचा नाद लागला. साध्या नव्हेत, नावाजलेल्या रचनाकारांच्या. त्याच्या दिवाणखान्यात एक वाकवलेल्या लोखंडी नळीची आली, एक लांब हातांची साहेबी आरामखुर्ची आली, एक शिंपल्यासारखी आली. तो त्यांना खुर्च्या म्हणत नसे, ‘पीस’ म्हणत असे. माणसे जेवायला आली की सतरंजीवर बसत, कारण पीसवर बसायचे नसते. एकदा त्याने गोव्याहून असाच एक पीस आणला. वेष्टण उलगडले, आणि त्याखाली निघाली माझीच बहीण. निपाणीच्या बंगल्यातली.

आनंद बराच वेळ तिच्या तिरक्या पायांकडे पाहत राहिला. मग तो धावत आईच्या खोलीत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. इतकी वर्षे घरात असून त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“आई, हे काय आहे तुला माहीत आहे?”

“खुर्ची.”

“अगं, साधी नाही ही. देशोदेशी शोधतात लोक. मी स्वतः गोव्यापर्यंत गेलो. आणि ही इथं!”

“मग बरं झालं की. भाडं वाचलं.”

“मी नीट करून आणतो हिला.”

“डावा हात डुगडुगतोय, तेवढा घट्ट करून घे,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “आणि लवकर आण रे. हिच्याशिवाय मला उठता येत नाही.”

हे वाक्य त्या स्पष्ट बोलल्या. आनंद “आणतो गं” म्हणाला. मी दोघांच्या मध्ये होते. मी ऐकले.

मला एका दूरच्या कार्यशाळेत नेले. तिथल्या कारागिराने फोनवर आनंदला विचारले, “खाली ठोकळे मारलेत. ठेवू का?”

“छे! ते मूळचे नाहीत. काढून टाका. जे जे मूळचं नाही ते सगळं काढा.”

सगळे काढले. भावकूचे ठोकळे हातोडीने पाडले. अंबुबाईंची वीण कात्रीने कापली. काठीची खाच लाकडाचा भुसा आणि गोंद घालून बुजवली. वह्यांनी गुळगुळीत झालेला हात घासला. तंबाखूचा वासही गेला. मग नवा वेत विणला आणि पॉलिश केले. आरशासमोर ठेवले असते तर मी मला ओळखले नसते. ज्या दिवशी चित्रातून बाहेर आले त्या दिवसासारखी मी दिसत होते. त्या दिवशी मी कुणाच्याही कामाची नव्हते, कारण तोवर कुणी बसलेच नव्हते.

आनंद कारखान्यात केसाच्या जाडीचा फरक पकडणारा माणूस. माझी उंची त्याने पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिली. आईच्या गुडघ्याशी ताडून पाहिली नाही.

मी परत आले ती दिवाणखान्यात, चौथऱ्यावर. शेजारी बहीण, पुढे लाल दोरी. समोरच विद्युल्लताबाईंच्या खोलीचे दार होते, त्यामुळे मला सगळे दिसायचे. त्यांना आता प्लास्टिकची खुर्ची दिली होती. भार दिला की ती फरशीवरून मागे सरके.

“माझी खुर्ची आत आण,” त्या म्हणाल्या.

“आत ऊन येतं, आई. पॉलिश उडेल. तुला मी बटणाची खुर्ची मागवलीय. बटण दाबलं की ती उचलून उभी करते.”

“मला उचलणारी नको. मी उठेन अशी पाहिजे.”

बटणाची खुर्ची यायची होती. तोवर विद्युल्लताबाई प्रत्येक वेळी सुनेला हाक मारत. सुरुवातीला मारत. मग हाका कमी झाल्या. का कमी झाल्या ते सून रचना हिच्या लक्षात आले.

“आई, सकाळी भरलेली बाटली तशीच आहे की.”

“तहान नाही गं.”

“इतक्या उन्हात?”

विद्युल्लताबाईंनी बाटली भिंतीकडे सरकवली. जन्मभर वर्गात मोठ्याने बोललेली बाई पाणी पिणे टाळत होती, कारण पाणी प्यायले की उठावे लागते आणि उठायला कुणाला तरी बोलवावे लागते. रचनाने हे आनंदला सांगितले. तो म्हणाला, “येईल गं बटणाची. पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत, तेवढं होऊ दे.”

पाहुणे आले. पुण्याचे, बंगळूरचे, सगळे खुर्च्या जमवणारे. त्यांनी माझे सांधे पाहिले, वाकून खालून पाहिले. एक बाई फोटो काढत होत्या. त्या म्हणाल्या, “आजींना बसवू या ना हिच्यावर. घरातली वाटेल.”

दोरी सोडली. आनंदने आईला धरून बसवले आणि कानाशी वाकून म्हणाला, “हातांवर जोर देऊ नको हं. जोड नवा आहे.”

फोटो निघाले. “किती आरामात बसल्यात आजी!” कुणीतरी म्हणाले. मंडळी चहा घेत पलीकडच्या आरामखुर्चीकडे वळली. रचना आत आणखी चहा गाळत होती. विद्युल्लताबाई माझ्यावर खोल रुतून बसल्या होत्या. काठी अडकवायला खाच नव्हती, ती घसरून खाली पडली होती.

“आनंद,” त्या म्हणाल्या.

“पाच मिनिटं, आई.”

त्यांनी माझे हात पकडले. जोर दिला. गुडघा वळेना. मी त्यांना वर ढकलू शकत नव्हते. माझे ठोकळे कार्यशाळेच्या कचऱ्यात होते.

“आनंद. मला उठायचंय.”

“आलोच.”

तो आला नाही. आणि मग जे होऊ नये म्हणून त्या तहानलेल्या राहत होत्या, ते झाले. नव्या वेतातून पाणी चौथऱ्यावर ठिबकले.

विद्युल्लताबाईंनी मान खाली घातली नाही. वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “आनंद, ओलं झालंय.”

सगळे वळले. आनंद धावत आला. मित्रांनो, आता सांगते ते नीट ऐका. तो धावत आला आणि त्याने आधी माझ्याकडे पाहिले. खाली वाकून वेताकडे. खिशातून रुमाल काढला आणि माझी चौकट टिपू लागला.

आतून रचना आली. “अहो, वेत काय पुसताय! आधी त्यांचा हात धरा!”

तिनेच त्यांना उठवले. जाता जाता विद्युल्लताबाई मुलाजवळ थांबल्या.

“तू हिच्यावर दूध सांडायचास. तेव्हा मी आधी कुणाकडे बघत होते रे?”

त्याच्या हातात रुमाल तसाच होता. पाहुणे चहा अर्धा टाकून निघाले.

दुसऱ्या सकाळी रचनाने भावकूला बोलावून घेतले. तो मला पाहून दोन पावले मागे सरला.

“बाई, लई भारी केल्यात हो हिला. आता खिळा मारला तर साहेब मला उभा चिरतील.”

“साहेबाला मी जन्म दिलाय,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “ठोक.”

आनंद दारात उभा होता. “आई, निदान गोंदाने चिकटवू. खिळ्यांनी चीर जाईल.”

“जाऊ दे. गोंदावर माझा भरवसा नाही.”

त्याने बाह्या वर सारल्या. मग येऊन उकिडवा बसला आणि खिळा मारताना हलू नये म्हणून त्याने माझा पाय दोन्ही हातांनी धरला. भावकू त्याला म्हणाला, “साहेब, बोट तेवढं संबाळा. तुमचं बी मूळचंच हाय ते.” रचना तोंडावर पदर धरून आत पळाली.

खिळे आत गेले. एका पायाला चीर गेली. बुजवलेली खाच पुन्हा उकरली. माझी किंमत त्या सकाळी संपली, असे जाणकार म्हणतील. म्हणोत.

आनंदने माझा पाय धरला, हे खरे. तरी मी त्याला अजून माफ केलेले नाही. माझी बहीण अजून दोरीमागे उभी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, आणि आनंद तिच्याजवळून जाताना अभिमानाने मान वळवून पाहतो. ते पाहिले की माझे सांधे करकरतात.

वेतावर डाग आहे. विद्युल्लताबाई तो काढू देत नाहीत. त्या पुन्हा खिडकीशी, माझ्यावर बसतात. काठी खाचेत असते. हवे तेव्हा दोन्ही हातांवर जोर देतात आणि उठतात. उशाची बाटली दुपारपर्यंत रिकामी होते. रचना ती पुन्हा भरते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू पुसा, जपा, सांभाळा असे मी तुम्हाला सांगणार नाही. आम्हाला धूळ सोसते. आज घरी गेलात की एवढेच पाहा, तुमच्या घरात कुणाची पाण्याची बाटली संध्याकाळपर्यंत भरलेली राहते. आणि राहत असेल, तर आधी त्या माणसाकडे पाहा.