लाल चिंध्यांच्या खुंट्या

पालिकेच्या मोकळ्या जागेचं काय करायचं, यावर शाळेच्या वर्गात सभा भरली. निम्मे लोक बाग मागत होते, निम्मे वाहनतळ. मी कुठल्याच बाजूचा नव्हतो. मी गादीवाला. माझ्या खोलीत मोठी गादी पसरता येत नाही, म्हणून बारा वर्षं दुपारच्या वेळी, सगळे कामावर असताना, मी त्या जागेत गाद्या शिवतो. जागा गेली की धंदा बसला.

सभा सुरू होताच शाळेच्या बाई उठल्या. "आधी हे सांगा, तिथे लाल चिंध्या बांधून खुंट्या कुणी ठोकल्या?"

"आम्ही नाही," पालिकेचा साहेब म्हणाला.

"मग काय आकाशातून पडल्या?" मागून आवाज आला.

खुंट्या माझ्या होत्या. गादीची खोळ ताणून धरायला चार कोपऱ्यांना ठोकतो. कुणाला ठेच लागू नये म्हणून चिंधी. काम झालं की उपटतो. काल तीन गाद्या होत्या, घाईत खुंट्या तशाच राहून गेल्या. मी बोलणार, तोच बायकोने माझा गुडघा दाबला. "गप्प बसा हो. भांडू दे त्यांना. भांडणात जागा आहे तशी राहील."

मला पटलं.

निवृत्त मोजणीदार उठले. "मी सकाळीच टेप लावली. सहा फूट बाय चारचे तीन चौकोन. यात गाडी मावत नाही. या टपऱ्या आहेत, टपऱ्या! आतल्या आत वाटूनही झाल्या."

मग जो तो शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. दूधवाला न्हाव्याला म्हणाला, "एक तुझी असणार."

"मेव्हणा पालिकेत तुझा, आणि चोर मी होय?"

बागवाले, वाहनतळवाले पाच मिनिटांत एक झाले. बाई म्हणाल्या, "साहेब, लिहून घ्या. जागेला कुंपण घाला, कुलूप लावा. कुणाचंही पाऊल आत नको."

आता मात्र मी उठलो. "बाई, खुंट्या माझ्या आहेत. गादीसाठी ठोकल्या होत्या."

मोजणीदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, हे बोलायला किती टपऱ्या कबूल केल्यात तुम्हाला?"

"अहो, खरंच माझ्या..."

"मग इतका वेळ तोंडाला कुलूप का होतं?"

मी बायकोकडे वळलो. ती फरशीकडे बघत होती. साहेबाने कुंपणाच्या बाजूचे हात मोजले आणि विचारलं, "विरोधात कोण?"

मी हात वर केला. सगळ्यांनी माना वळवून तो नीट पाहून ठेवला.