सरांनी न उघडलेलं पान

मित्रांनो, माझ्या पोटात लाखभर शब्द आहेत, पण तोंडातून एक फुटत नाही. मी एक जुना जर्मन-इंग्रजी शब्दकोश. आयुष्य पुण्यात गेलं, आणि आता डब्लिनजवळ ओंगारच्या एका घरात, खिडकीत बसून असतो.

पुण्यात मी मोरेश्वर सरांचा होतो. सर शाळेत जर्मन शिकवत. "येतो असं वाटतं ना, तोच शब्द आधी बघा," असं म्हणून मला मुलांच्या हातात देत. काय रुबाब होता माझा! पान सुटलं की सर स्वतः खळ लावून चिकटवत. त्यांची मुलगी अक्षया त्यांच्याच वर्गात होती. घरी बाबा, वर्गात सर. सरांची चूक काढायची नाही, हे तिच्या अंगात तेव्हाच मुरलं.

पुढे अक्षया ऑस्ट्रियात शिकून 'डिप्लोम-इंजेनिअरिन' झाली. तिथे ही पदवी आपल्या एम.टेक.च्या तोडीची. लग्नानंतर ती कुशलबरोबर ओंगारला आली आणि मुलीसाठी काही वर्षं घरीच राहिली. २०१७ साली जवळच्याच ब्लँचर्डस्टाउनच्या एका कंपनीत तिला हवी तश्शी जागा निघाली. कंपनीने तिच्या जर्मन पदवी-प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर मागितलं. सर तेव्हा नातीला बघायला आले होते, मला बॅगेत घालून.

"प्रोफेशनल ट्रान्सलेटरला देऊ या का?" कुशलने विचारलं.

"अहो, मी बसलोय ना इथे! जन्म गेला माझा त्यात."

"ग्रँड, बाबा!" असं इथल्या लोकांच्या थाटात 'ठीक आहे' म्हणून जावई मोकळा झाला.

मी सरांच्या कोपरापाशीच होतो. पण येतो असं वाटणारा शब्द होता ना तो! मला न उघडताच त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'डिप्लोमा इंजिनिअर'. अरे देवा! आपल्याकडे काय आणि इथे काय, डिप्लोमा म्हणजे पदवीच्या खालची पायरी. खरा अर्थ माझ्या पोटात होता, पदवीधर अभियंता. जाणकार तर मूळ पदवी तशीच ठेवून शेजारी अर्थ देतात. मी नुसता तळमळलो. पुस्तकाच्या तळमळण्याने काय होतंय?

अक्षयाने कागद वाचला. त्या शब्दावर तिची नजर अडली. सर चष्मा पुसत विचारत होते, "जमलंय का गं?"

"छान झालंय, बाबा."

मूळ प्रमाणपत्र सोबत आहे, बघतील की, अशी तिने मनाची समजूत घातली असावी. कोणी बघितलं नाही. डिप्लोमा चालणार नाही, असं उत्तर आलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात फोन केला, "नो, इट्स अ मास्टर्स, नॉट अ डिप्लोमा." तोवर दुसऱ्या कोणाला तरी घेतलं होतं.

"जागा आधीच भरली होती, बाबा," बाहेर येऊन ती म्हणाली.

पण सरांनी फोन ऐकला होता. ती वर गेल्यावर त्यांनी मला उघडलं. त्यांचं बोट ओळींवरून खाली आलं आणि एका जागी थांबलं. मग मला मिटून त्यांनी बाहीने माझी धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

पुण्याला परतताना त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडे. मला नाही लागायचा आता."

ती "हो" म्हणाली. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. लाखभर शब्द मधे होते, आणि दोघांनी एकही उचलला नाही.

मित्रांनो, येत असलेल्या शब्दासाठीही मला उघडत जा. आणि आपल्या माणसाची चूक दिसली, तर वेळेवर, गोड बोलून सांगत जा. तेवढं काम मात्र माझ्याच्याने होत नाही.