तीन फुंकांची पैज

मी एक जुनी लोखंडी फुंकनी हाय, मित्रांनो. एक टोक धुरानं काळं, दुसरं साखराबाईच्या व्हटानं चकचकीत. दिसायला नळी, पर माझ्यावर एकदा भर गल्लीत पैज लागलती.

तिचा नवरा हरिबा धनगर. मेंढरं वाड्यात घालून तो ओट्यावर टेकला आन् शेजारच्या सटवाला म्हनला, "आमची साखरा एका फुंकंत चूल पेटवती, बे. तुझ्या घरी निस्ता धूरच!"

सटवा म्हंजे नंबरी खोडसाळ. "एक कावून? तीन फुंका देतो वैनीला. पेटली तर मी लुगडं नेसून मारुतीच्या पारावर भाकरी थापीन. न्हाई पेटली तर तू!"

"कबूल!" हरिबानं मिशीवर ताव दिला. साखराबाईला कुनी इचारलंच न्हाई. फुंकायचं तिनं, मिशी ह्याची!

मला मातर धडकी भरली. का, ते सांगते.

मी जलमले बंदुकीची नळी म्हनून. माझ्यातून सुटलेली गोळी कुनाला लागली का, ते इचारू नका. बंदूक तुटल्यावर लोहारानं मला कापलं, घासलं, आन् साखराबाई नवी नवरी व्हती तवा तिच्या हातात दिलं. तवापासून मला येकच नाद, श्वास! कुटून येतो, आत जाऊन काय करतो, बाहीर येताना ऊन कावून असतो? सक्काळी त्याला कांद्याचा वास, सांच्याला हुलग्याच्या माडग्याचा. सुरवातीला तिची फुंक अशी, की राख उडून मांजर पळायचं.

पर धुरात वरसं गेली. फुंक आखूड झाली. तिच्यात बारीक चूं चूं वाजाय लागलं. आळ कुनावर? माझ्यावर! "फुंकनी तुंबली," म्हनून सासू सारजाबाईनं माझ्यात तार घातली, मला दगडावर आपटलं. मी साफ व्हते हो! तुंबलं व्हतं ते माझ्या पल्याड. पर नळीचं कोन ऐकतंय?

तर गल्ली गोळा झाली. साखराबाईनं मला तोंडाला लावलं. पयली फुंक निखाऱ्यापत्तुर पोचलीच न्हाई. लोक हसले. दुसरीला तिनं दम घेतला, आन् तो बाहीरच येईना. छाती धरून ती खाली बसली. व्हट जांभळे. हसनारे पुढं धावले.

"जुनाच दमा हाय. छातीवर डाग दिला की उतरंल," सारजाबाई म्हनली, आन् तापवायला हाताशी लोखंड म्हनून तिनं मलाच इस्तवात खुपसलं! माझं टोक लाल व्हाय लागलं. ज्या छातीचा वारा मी उभा जलम वाहिला, तिलाच मी डागायची व्हय?

हरिबा खांबावानी उभा. आईपुढं ह्याची जीभ उचलंना. तवा सटवा वरडला, "थांबा! पैज अर्धीच झाली. वैनीला काई झालं तर मी जिंकनार कसा? बैलं जुपतो, आंबाजोगाईच्या दवाखान्यात चला!"

"मुडद्या, तुला पैजंचं सुचतंय?"

"पैजंचं तर पैजंचं, काकू. पर चला!"

जू बांधताना त्याची गाठ दोनदा चुकली, ते मी बगितलं. त्यानं मला घंगाळात बुडवलं, चर्रर्र! आन् साक्षीदार म्हनून गाडीत टाकलं.

दवाखान्यात सटवानं मला बी काखंत मारून नेलं. डाक्टरसायबानं लाकडाची नळी काढली. एक टोक साखराबाईच्या पाठीला, दुसरं आपल्या कानाला. मी बगतच रायले. ही तर माझी बहीनच! मी निस्ता वारा वाहते, ही ऐकते. आन् हिचं मानूस ऐकतो बी!

"इत्ती देर कायकू करे?" डाक्टर हरिबावर खेकसला. मंग समजावून जे सांगितलं, ते सटवानं आमच्या बोलीत पक्कं करून घेतलं. "ऐक, बे. दुखनं जुनं हाय, समदं जानार न्हाई, पर येळंवर आलं तर काबूत ऱ्हातं. बेडका पिवळा झाला, बोलता बोलता दम तुटला, आडवं निजवंना, की त्याच दिवशी हितं यायचं. डाग न्हाई आन् धूर बी न्हाई."

औषध घेऊन साखराबाई घरी आली. गल्ली वाट बगतच व्हती. तिनं मला उचललं आन् हरिबाच्या हातात ठेवलं. "मला धूर नको म्हनलाय डाक्टर. तिसरी फुंक काई व्हनार न्हाई. तुमी हारलात. आता भाकरी थापा."

हरिबा आज-उद्या करत रायला. थंडी पडली. एका सक्काळी तिचा बेडका पिवळा दिसला. सारजाबाई म्हनली, "दोन दीस बगू." हरिबा पयल्यांदाच आईला म्हनला, "न्हाई, आये. आजच." आन् सटवाच्या दारात उभा.

"बैलं घे," सटवा म्हनला, "पर आल्याबरुबर लुगडं नेसायचं!"

ह्या खेपंला साखराबाई दवाखान्यापुढं गाडीतून आपल्या पायानं उतरली.

मित्रांनो, कुनाच्या श्वासात चूं चूं वाजलं तर नळी आपटू नका. मानसाला गाडीत घाला.

मंग मारुतीच्या पारावर सारं गाव जमलं. हरिबा हिरवं लुगडं नेसून तीन दगडांच्या चुलीपुढं बसला. त्यानं मला फुंकलं, आन् समदी राख मिशीत! डोळ्यातून पानी, ठसक्यावर ठसका.

"रोज येवढा धूर खात व्हतीस व्हय गं?"

साखराबाई लांब लिंबाखाली, वाऱ्याच्या अंगाला बसलेली. ती हसली, आन् हसू मधी कुटंच तुटलं न्हाई.

"कळलं न्हवं? मंग भाकर उलटा आता, करपली!"