कबूल कर, मोकळा हो

आमच्या भांडुपच्या टेकडीवर पैज कशावरही लागते. नळ आधी येणार की लाईट आधी जाणार, सुंदराबाईंचं मांजर कोणाच्या घरात पिल्लं घालणार, काहीही. ह्या वेळी पैज लागली वकिलावर.

"फुकटचा वकील कधी येतो काय रे, चंद्या?" अंबादास म्हणाला. "फुकटचं रेशन पण वेळेवर येत नाही."

"येणार!" मी म्हटलं. "लाव पैज."

हरेल त्याने स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर, भर संध्याकाळी, उपड्या बादलीवर चढून कोंबड्यासारखं आरवायचं. अट माझी. असल्या अटी माझ्याच असतात. स्टेशनबाहेर माझं चाव्या बनवायचं दुकान आहे. लोकांची कुलपं उघडतो आणि मधल्या वेळात लोकांच्या फिरक्या घेतो. गेल्या उन्हाळ्यात रणरणत्या दुपारी "पाणी आलं" म्हणून बोंब ठोकली, तर अख्खी गल्ली हंडे घेऊन पळाली होती. सगळ्यात पुढे अंबादास. त्या दिवसापासून मला त्याला परत एकदा पळवायचं होतं.

अंबादास माझा शेजारी. जालन्याकडचा, रिटायर वॉचमन. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीला टेकूनसुद्धा बसत नाही. त्याला बादलीवर चढवायचा म्हणजे मज्जाच मज्जा.

वकील लागला त्याच्या पोराला, मिथुनला. मिथुन टेम्पो चालवायचा. एक स्कूटरवाला उलट्या बाजूने आला, टेम्पोला घासला, मनगट मोडून घेतलं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सगळं डोळ्यांनी बघितलं. तरी केस झाली मिथुनवर, बेदरकार गाडी चालवल्याची. नेमकी त्याच महिन्यात त्याला एअरपोर्टवर बस चालवायची नोकरी लागली होती. युनिफॉर्म, पीएफ, सगळं. फक्त पोलिसांचा दाखला हवा होता. शिक्षेचा डाग नको, एवढंच.

खाजगी वकिलाचा आकडा ऐकून सुंदराबाई, म्हणजे अंबादासची बायको, खालीच बसली. मग मी मिथुनला घेऊन कोर्टातल्या मोफत मदतीच्या खिडकीवर गेलो. तिथून मिळाल्या श्रुतिका मॅडम. वयाने लहान, चालायला अशा फास्ट की त्यांच्यामागे आम्ही अर्धे धावतच होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानवाल्याला फोन लावला, आणि मिथुनला एकच गोष्ट पढवली. "मी दुसऱ्या कोर्टात अडकले असेन आणि तुझं नाव पुकारलं, तर एवढंच म्हण, साहेब, माझे वकील येतायत. दुसरं काही बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"काय म्हणायचं?"

"माझे वकील येतायत."

झकास पाठ होतं त्याला.

तारखेला आम्ही तिघं कोर्टात. अंबादास कडक इस्त्रीत. मॅडमचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद.

"बादली घासून ठेव, चंद्या," अंबादास माझ्या कानात खुसपुसला.

"थांब रे, गेटवरूनच उचलून आणतो तिला." मी खाली गेलो. गेटवर उभा राहून प्रत्येक काळ्या कोटाचं तोंड बघतोय. एवढे काळे कोट, आणि त्यात आपला एकही नाही! शेवटी वैतागून वर आलो, तर जिन्याच्या तोंडाशी मॅडम. शेजारच्याच कोर्टातून बाहेर पडत होत्या.

"अहो, मी सकाळपासून इथेच आहे. एका बाईच्या जामिनावर बोलत होते. मिथुन कुठाय?"

मी तर नाचायचाच बाकी होतो. मॅडमना घेऊन कॉरिडॉरमध्ये वळलो, तर समोरून बापलेक येतायत. लांबूनच ओरडलो, "हरलास, अंबू! ही बघ मॅडम! चढ बादलीवर!"

अंबादास चक्क हसत होता. त्याला असं दात दाखवून हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

"अरे, गेली तुझी पैज खड्ड्यात! सुटलं पोरगं! पाच मिनिटांत निकाल. कबूल आहे म्हणाला, दंड भरला, संपलं. वकिलाची गरजच काय?"

मॅडम जागेवर थांबल्या.

"कबूल? मिथुन, मी काय सांगितलं होतं?"

मिथुन खाली बघून म्हणाला, "साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, वकील हवाय का. मी म्हणणारच होतो. पप्पा मागून म्हणाले, येत नाय कोण. कबूल कर, मोकळा हो."

आमच्याकडे हीच रीत. फूटपाथवर भाजी लावली, कबूल. सिग्नल तोडला, कबूल. टोपलं सोडवायचं, गाडी सोडवायची, घरी जायचं. तारखा कोण खाणार? मी स्वतः दोनदा कबूल होऊन आलोय, आणि वर वडापाव खाल्लाय.

"काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे चलान नव्हतं. ही फौजदारी केस होती. तुमच्या मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी गुन्हेगार आहे. पानवाला साक्षीला तयार होता. सुटला असता तो."

"मग आता सांगतो ना, चुकून बोलला."

"शिक्षा लागली. दंड भरलात. आता अपील केलं तरी दंड जास्त झाला एवढंच भांडता येईल. गुन्हा तसाच राहणार."

"आणि दाखला?"

मॅडमनी मिथुनकडे बघितलं. तेवढ्यात आतून त्यांच्या दुसऱ्या कोणत्यातरी अशिलाचं नाव पुकारलं आणि त्यांना जावं लागलं.

अंबादास तिथल्या बाकड्यावर बसला. टेकून बसला.

पुढे व्हायचं तेच झालं. दाखल्यावर केस आली, एअरपोर्टवाल्यांनी दुसरा ड्रायव्हर घेतला. ज्या दिवशी त्यांचा फोन आला, त्या संध्याकाळी अंबादास माझ्या दुकानासमोर उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात बादली.

"चल स्टँडवर."

"अंबू, वेडा झालास काय? पैज रद्द रे. मस्करी होती ती."

"वकील आला होता. मी हरलो. कबूल." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कबूल केलं की भरून टाकायचं ना? मग मोकळा."

"पाया पडतो तुझ्या, घरी चल."

तो पुढे निघालासुद्धा. मिथुन त्याच्या मागे. मी दुकान उघडंच टाकून पळालो.

स्टँडवर रिक्षांसाठी ही लाईन. अंबादासने बादली उपडी ठेवली आणि चढायला गेला. बादली डुगडुगली. मिथुन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी बादली घट्ट धरली.

अंबादास आरवला.

लाईनीतली पोरं खिदळली. एकाने मोबाईल काढला. "आजोबा, वन्स मोर! आवाज नाय आला!"

अख्ख्या टेकडीला हसवणारा मी. त्या पोराला गप्प करायला एक शब्द सुचेना मला.

अंबादासने कॉलर सरळ केली, मान वर केली आणि परत आरवला. ह्या वेळी स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल. मिथुनने बादली सोडली नाही.